चुकलेल्या अक्षरांची पाच नाणी

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत चोर सुटले, एकदा खुनी हातातून निसटला. त्याचं दुःख कधीच ओसरलं. ही लाज मात्र ओसरत नाही.

तेव्हा मी बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी खडेबाजारातल्या सराफाचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. एक माणूस रोमन राजाची पाच सोन्याची नाणी घेऊन फिरतोय, सगळी नकली आहेत, असं त्यानं कळवलं. त्या माणसाला आम्ही बसस्टँडवर गाठलं.

तो सरकारी हायस्कुलात मास्तर होता. घरामागं संडासाचा खड्डा खणताना गाडगं लागलं, त्यात ही नाणी निघाली, असं त्यानं सांगितलं. राहतोस कुठं, विचारलं. त्यानं निपाणीकडच्या एका गावातली, आंबेडकर पुतळ्यामागची गल्ली सांगितली. खोटं कशाला सांगू, गल्ली ऐकली आणि माझा निम्मा तपास तिथंच संपला. तिथं सोनं निघालं म्हणजे काहीतरी लबाडीच, असं मी धरून चाललो.

उरलेला तपास मी मोबाईलवर केला. खऱ्या रोमन नाण्याचा फोटो शोधला आणि भिंग घेऊन ताडून बघितलं. मास्तराच्या नाण्यांवर राजाचा चेहरा होता, पण कडेची अक्षरं चुकलेली. काही उलटी, काही नुसत्या उभ्या रेघा. मी खूष झालो. सोनं खरं, नाणं खोटं!

"राजा आपलंच नाव चुकीचं छापंल काय रं?" मी त्याला विचारलं. वयानं तो माझ्याच बरोबरीचा, पण मी अरेतुरे करत होतो.

"साहेब, मी सराफाकडं इकाया न्हाय आलतो. हे काय हाय ते ईचाराया आलतो," एवढंच तो सांगत राहिला. मी पुन्हा पुन्हा तेच विचारलं, त्यानं पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. माझ्या दृष्टीनं तो मुरलेला ठग होता.

दुपारी झडतीला दोन गाड्या घेऊन गेलो. भांडी, अंथरुणं, पोरांची पुस्तकं, सगळं अंगणात आलं. गल्ली दारात उभी राहून बघत होती. त्याची म्हातारी आई माझ्यासमोर आली. "त्येच्या खिशात अर्ज हुता, साहेब. वाचा की जरा," म्हणाली. खिशातला कागद आम्ही जप्त केला होता. पंचनाम्यात 'घडी घातलेला कागद, एक' अशी नोंदही होती. जे काय आहे ते कोर्टात सांगा, म्हणून मी तिला बाजूला केलं.

तीन दिवसांची कोठडी मिळाली. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांवर कोठडीत राहिला की निलंबित होतो. मास्तरही निलंबित झाला.

नाणी तपासायला पुराणवस्तू खात्यातल्या एक बाई आल्या. त्यांनी शांतपणे सगळं बघितलं आणि म्हणाल्या, नाणी जवळपास दोन हजार वर्षांची आहेत. त्या काळी आपल्याकडच्या सोनारांनी रोमन नाण्यांवरून अशी नाणी घडवली, लोक ती दागिन्यातही घालत. सोनाराला ती लिपी येत नव्हती, त्यानं नुसता आकार उतरवला. मग मला विचारलं, "तुमच्या घरी पुतळ्यांची माळ असेल ना? जरा भिंगातून बघा."

घरी जाऊन बायकोकडून माळ मागून घेतली. माझ्या आईची माळ, तिला तिच्या सासूनं घातलेली. एकेक पुतळी, म्हणजे नाण्यासारखी सोन्याची चकती, भिंगाखाली धरली. कडेला अक्षरं म्हणून नुसत्या रेघा होत्या. त्या माळेला आमच्या घरात कुणी कधी नकली म्हटलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

दुसऱ्या दिवशी तो जप्त कागद उघडला. तहसीलदारांच्या नावे अर्ज होता, मराठीत, सुवाच्य अक्षरात. नाणी कुठं, कशी सापडली ते लिहून 'सरकारजमा करून घ्यावीत' अशी विनंती. सराफाला बोलावून दरडावलं, तेव्हा त्यानं कबूल केलं. त्याला नाणी विकत हवी होती, मास्तर देईना, म्हणून फोन केला.

खटला रद्द व्हावा म्हणून मी कोर्टात बी रिपोर्ट दिला. मास्तराला कामावर परत घ्यायला तरी शाळाखात्यानं बरेच महिने लावले. मग एका रविवारी मी त्याच्या घरी गेलो. गाडी लांब हमरस्त्यावर ठेवली आणि चालत गेलो. हात जोडून, चुकलं म्हणालो.  उत्तर त्याच्या आईनं दिलं.

"झडतीला दोन गाड्या घिऊन आलतासा, साहेब. समदी गल्ली बघत हुती. माफी मागाया साध्या कपड्यात एकटंच आलासा व्हय?"

 गणवेशात, गाडी घेऊन पुन्हा यायचं, गल्लीसमोर बोलायचं, असं परतताना ठरवलं. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलो. मग बदली झाली, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

ती अक्षरं वाचायला तज्ज्ञ बाई लागल्या, हे मला माफ होईल. अर्ज मात्र माझ्याच भाषेत होता. समोरचा माणूस कोण हे आधी ठरवलं की हातातला कागदही वाचावासा वाटत नाही, एवढं मी शिकलो, आणि तेही दुसऱ्याच्या जिवावर. आता निवृत्त झालो. त्या गल्लीत जायला वेळच वेळ आहे, पण ज्या गणवेशात जायला हवं होतं, तो आता माझ्याकडं नाही.