निवलेला तारा
हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरून बोलते — जमेल तसं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. आकाशाचं जे काही कळलं ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि घराच्या सपाट मातीच्या छतावरच्या, धाब्यावरच्या छोट्या दुर्बिणीतून. नव्वद सालच्या आसपास आमच्या चोपडा गावात मी भाषणंसुद्धा द्यायचे, बरं का! सांगायचे — सूर्याहून लहान, लाल तारे तरुणपणी फार तापट. एकाएकी भडकतात, क्ष-किरण ओकतात, जवळच्या ग्रहाची हवासुद्धा उडवून लावतात. पण वय झालं की निवतात. मग कुणीतरी ओरडायचं, "अक्का, तुम्ही कधी निवणार?" मीही हसायचे. पण 'वय झालं की निवतात' हे वाक्य — त्याच्यावर माझा मान उभा होता.

शेजारच्या नानांची सरला बारावी झालेली. तिला जळगावला कॉलेजात शिकायचं होतं. नाना स्थळं बघत होते. उन्हाळ्यात जेवणं झाली की ती धाब्यावर यायची. एकदा मी तिला दुर्बिणीत एक फार म्हातारा लाल तारा लावून दिला. थोड्या वेळानं ती ओरडली, "अक्का, हा वाढला!"

मी डोळा लावला. शेजारच्या ताऱ्यापुढे कायम फिका दिसणारा तो — त्याच्याहून तेजस्वी झाला होता. बघता बघता ते तेज उतरलं.

सकाळी नाना आले. सरला मागे उभी.

"अक्का, पोर म्हनस काल रातले म्हातारा तारा भडकना. खरं शे का? तुम्ही हो म्हणा, धाडसू तिले जळगावले. नई ते हाई याड बंद."

हो म्हणायला काय लागत होतं? काही नाही. पण माझं वाक्य खोटं पडत होतं — आणि पाडणारी कोण, तर कालपरवा दुर्बीण धरायला शिकलेली पोर! ती माझ्याकडे बघत होती. अगदी निर्धास्त.

"नाही हो नाना," मी म्हणाले. "डोळ्यात पाणी आलं असेल तिच्या. निवलेला तारा, कुठला भडकतोय!"

सरलानं वर पाहिलं.

त्याच वर्षी तिचं लग्न झालं, धुळ्याला. म्हातारे तारेही मधूनच भडकतात, हे पुढे मी पुस्तकातही वाचलं. पण मला काय ते वाचून कळायचं होतं? मी पाहिलं होतं. पाहून नाही म्हणाले.

सरला माहेरी आली की अजून मला वाकून नमस्कार करते. मुलांचं सांगते, सासरचं सांगते. आकाशाचा विषय काढत नाही.