अभ्यासिकेच्या खड्ड्यातलं पाणी

वस्तीत अभ्यासिका व्हावी म्हणून मी लोहाऱ्याच्या तहसीलसमोर बसले, पत्रकं वाटली, घोषणा देऊन घसा बसवून घेतला. शेवटी मंजुरी मिळाली. दिवाळीनंतर जेसीबी आला आणि पायाच्या खड्ड्यात पाणी लागलं.

लागणारच की! अंदाजपत्रक केलं वैशाखात. तेव्हाच्या साहेबांनी खड्डा घेऊन बघितला, तो ठणठणीत कोरडा. लिहून मोकळे झाले, पाणी उपसायची गरज नाही. आमच्याकडं काळ्या मातीखाली मुरूम, आणि पाऊसकाळ सरला तरी मुरूम पाणी धरून असतो. हे कुणाला ठाऊक नाही? पण मोजायचं उन्हाळ्यात आणि खोदायचं हिवाळ्यात, ही इथली रीत.

ठेकेदाराची एक मोटार चालून चालून तापली, तरी तळ दिसेना. मी आरडाओरडा केल्यावर नवा, पोरसवदा इंजिनिअर आला. त्यानं दुसरी मोटार मागवली, खड्डा रिकामा केला, मग दोन्ही बंद करून खुणांची काठी रोवली. तासात पाणी किती चढतं ते बघायचं, खड्ड्याच्या लांबी-रुंदीनं गुणायचं. तेवढं पाणी तासाला आत येतं. मोटारींनी त्याहून जास्त फेकलं पाहिजे.

"ताई, दोन्ही मोटारी लागतील. पाया भरेपर्यंत, सलग."

"मग लावा की!"

लावल्या. दुसऱ्या दिवशी चुलती रिकामी कळशी घेऊन माझ्यापुढं उभी. "व्हय गं पुढारीणबाई, आमचं पाणी कुठं पळवलंस?"

वस्तीची विहीर खड्ड्याला खेटून. दोन्हीकडं झरे त्याच मुरुमाचे. खड्डा उपसला तशी विहीरही आटली.

"पाया होईस्तोवर गावातल्या बोअरचं आणू, काकू."

"तू आण. म्या तिकडं कळशी घेऊन उभी राहणार न्हाय. गावात आपल्याला वरून पाणी ओतायचे, म्हणून सासऱ्यांनी ही विहीर खांदली. ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. भाषणात सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या.

टँकर मागायला तहसीलला गेले. तिथला बाबू हसला. "मॅडम, पाऊस आत्ता तर गेला. टँकरचा हा महिना आहे का?" एरवी मी टेबल दणाणून सोडलं असतं. त्या दिवशी खाली बाकावर बसून राहिले. चिडायलाही अंगात जोर लागतो.

संध्याकाळी विहिरीपाशी सगळे जमले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरी म्हणाल्या, "ताई, काम थांबवू नका. मार्च उलटला की निधी परत जाईल. आम्ही काय पत्र्याखालीच अभ्यास करायचा?" त्यांचं खरं होतं. चुलतीचंही खरं होतं. खोटा होता तो वैशाखातला कागद, आणि तो लिहिणारे साहेब बदली होऊन गेले होते.

हात वर झाले ते विहिरीच्या बाजूनं जास्त. मी मोटारी बंद केल्या.

इंजिनिअरला म्हटलं, "आता नवा अंदाज लिहा. आज दिसतंय त्या पाण्याचा. मोटारी किती, आणि तोवर वस्तीनं प्यायचं काय, तेही लिहा."

"प्यायच्या पाण्याचा रकाना नसतो, ताई."

"मग पाडा."

सकाळी चुलतीनं कळशी सोडली. गढूळ पाणी आलं. "निवळंल," ती म्हणाली. भरतीच्या पोरी शेजारून गेल्या, माझ्याशी बोलल्या नाहीत.