खाली सही करणाऱ्याची गैरसोय

चहा आधी संपवा, मग सांगतो. ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही! लोक भाडेकरूला नोटीस पाठवतात, मी नव्या नवऱ्याने बायकोला पाठवली. तीही प्रेमाने!

तेव्हा मी अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क होतो. चाळीतल्या खोलीत आम्ही दोघंच. कुसुम पहिल्या गौरी-गणपतीला माहेरी, बेलवलीला गेली. निघताना हळूच म्हणाली, "पत्र लिहाल ना? मनातलं लिहा हं." कारण लग्न झाल्यापासून मी तिच्याशी एक गोड शब्द बोललो असेन तर शपथ! वाटायचं खूप, पण तोंडच उघडायचं नाही.

आता मनातलं लिहायचं कसं? सासुरवाडीला गेलेलं पत्र आधी सगळं घर वाचणार, मग बायको. मी डोकं लढवलं. त्या घरात इंग्रजी फक्त कुसुमला येत होतं, कल्याणला मामाकडे राहून शिकलेली ती. ठरलं, इंग्रजीत लिहायचं!

पण माझं इंग्रजी हेडक्लार्कसाहेबांनी घडवलेलं. 'मला हवंय' असं म्हणायचं नाही, 'खाली सही करणारा विनंती करतो' असं म्हणायचं. इंग्रजीतही माणसं घरी बोलतात, रुसतात, लाडात येतात, हे मला कुठे ठाऊक? मी लिहिलं, 'विथ रेफरन्स टु युवर डिपार्चर, द अंडरसाइन्ड इज पुट टु ग्रेट इनकन्व्हिनियन्स. यू आर रिक्वेस्टेड टु जॉइन इमिजिएटली.' शेवटी 'योर्स फेथफुली'. आपला विश्वासू! नवऱ्याने बायकोला याहून आणखी काय लिहावं? खरंच सांगतो, लिहिताना माझेच डोळे भरून आले होते.

उल्हासनगरात एका सिंधी टायपिस्टकडून ते छान टाइप करून घेतलं. तो म्हणाला, "साईं, नोटीस फर्स्ट क्लास है! नीचे वकील का नाम डालूँ?"

मला वाटलं, कौतुक करतोय.

पत्र बेलवलीला पोचलं तेव्हा कुसुम विहिरीवर. सासऱ्यांच्या हातात टाइप केलेला इंग्रजी कागद! आमच्या भागात असा कागद आला की कुणाची तरी जमीन गेलीच म्हणून समजा. लष्कराच्या छावणीला नाहीतर कारखान्याला. ते घाबरून शाळेच्या मास्तरांकडे धावले आणि मास्तरांनी तो गावच्या चार माणसांत, मराठी करून, खणखणीत आवाजात वाचला.

रविवारी सासरे माझ्या दारात. मागे मान खाली घालून कुसुम.

"जावईबापू, पोर लगीन करून दिली तुमाला, नोकरीला नाय लावली! ताबडतोब रुजू व्हा म्हंजे काय?"

"अहो, तसं नाही..."

"आन् ह्यो खाली सही करनारा कोन? त्याची कसली गैरसोय झाली?"

"तो... मीच."

"मंग बोला ना तोंडानं! काय झालं तुमाला?"

अख्खी चाळ गॅलरीत जमली होती. जे लपवायला एवढा खटाटोप केला, ते आता भर चाळीत बोलायचं! पण करतो काय?

"करमत नाही हो," मी कसंबसं म्हणालो. "संध्याकाळी घरी यावंसंच वाटत नाही. जेवण जात नाही. ती लवकर यावी, एवढंच म्हणायचं होतं."

सासऱ्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "एवढंच व्हय?" म्हणाले आणि पाणी मागून ओट्यावर जाऊन बसले.

आत कुसुम चूल पेटवत होती. मी चिडूनच विचारलं, "तू वाचलंस ना नंतर? मग वडिलांना समजावून सांगायचंस की!"

"मला पहिल्या ओळीतच कळलं होतं," ती म्हणाली. "पण सांगितलं असतं, तर तुम्ही हे तोंडाने कधी बोलला असतात का?"

तिचे डोळे ओले होते. मला इतकं भरून आलं, इतकं भरून आलं की विचारू नका. ती माझ्याकडे बघत उभी, उत्तराची वाट पाहत. आता तरी काहीतरी गोड बोलायला नको का माणसाने?

मी म्हणालो, "नोटेड!"