पायरीवरचं शास्त्र

नव्वदीच्या दशकात पंचवटीतल्या आमच्या वाचनालयात एक वयस्कर बाई रोज संध्याकाळी पेपर वाचायला येत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. गल्लीतली मुलं शास्त्राचा गृहपाठ घेऊन त्यांच्याभोवती जमत. मुलानं काही विचारलं, की त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि उलट त्यालाच विचारत, "तुला काय वाटतं?" मग मुलांची जोरात वादावादी सुरू होई.

एके दिवशी व्यवस्थापक चिडले. "बाई, इथे शांतता पाळायची असते. शिकवणी घरी घ्या."

त्या उठल्या. "तुमचं बरोबर आहे. पण कुजबुजत कुणी शास्त्र शिकत नाही," म्हणाल्या आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसल्या. मुलंही मागोमाग गेली.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी पायऱ्यांवर झाडांच्या कुंड्या मांडल्या, कुणाला बसताच येऊ नये म्हणून. मला वाटलं, संपलं आता.

संध्याकाळी गेलो, तर बाई एक कुंडी सरकवून ऐसपैस बसलेल्या. क्रोटनचं पान हातात धरून, आत व्यवस्थापकांच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्या विचारत होत्या, "पानं हिरवी असतात म्हणता ना? मग हे लाल कसं?"

सगळी मुलं एकदम ओरडून उत्तरं द्यायला लागली.