कपाटातला आवाज

तिचं कामाचं ठिकाण म्हणजे बेडरूममधलं कपड्यांचं मोठं कपाट. दोन्ही बाजूंना जुन्या रजया टांगलेल्या, मधे स्टूल, स्टुलावर ती आणि नाकासमोर माइक. दार लावून घेतलं की बाहेरचा आवाज आत येत नसे, आणि हवाही.

तिथे घामाघूम होत ती जगाला माणसाचं मन समजावून सांगायची. माणसं खोटं का हसतात, रांगेत घुसणाऱ्याला कुणी बोलत का नाही, टोमणे मारणाऱ्या नातेवाइकाला खरं तर काय हवं असतं. एका यूट्यूब चॅनेलच्या या व्हिडिओंची चित्रं दुसरं कुणी काढायचं, शब्द आणि आवाज तिचे. कॉलेजात ती मानसशास्त्र शिकली होती. मग लग्न, संसार, आणि पदवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. "आता पदवी आणि तू, दोघीही एकाच कपाटात," असं नवरा म्हणायचा.

घराला एकच नियम होता. दाराच्या कडीला लाल टॉवेल लटकला की रेकॉर्डिंग चालू. मग मिक्सर बंद, टीव्ही बंद, खोकलाही उशीत तोंड खुपसून. "दिव्याखाली अंधार ऐकला होता," सासूबाई म्हणायच्या, "इथे दिवाच कपाटात."

खरे हाल मुलीचे. लहानपणी ती इतक्या मोठ्यानं बोलायची की बापानं तिचं नाव भोंगा ठेवलं होतं. टॉवेल दिसला की भोंगा तोंडावर हात दाबून चवड्यांवर चालायचा. पुढे टॉवेल नसतानाही तिचा आवाज खालीच राहायला लागला. आईला वाटलं, पोर शहाणी झाली.

यंदा मुलगी नव्या कॉलेजात गेली. ओळखीचं कुणी नाही. एक दिवस ओट्याशी भाजी निवडताना आपणहून म्हणाली, "आई, मधल्या सुट्टीत मी फोनवर बोलत बसते."

"कुणाशी गं?"

"कुणाशीच नाही. बाबांचा जुना फोन आहे ना, बंदच आहे तो. पण बोलताना दिसलं की एकटी नाही वाटत." आणि मग, "कुणाला सांगू नकोस हं."

"वेडी का तू? मी कुणाला सांगणार?"

त्या फोनचं मागचं झाकण निसटायचं, म्हणून त्याला हिरवं रबर लावलेलं होतं.

पुढच्या व्हिडिओचा विषय आला, एकटेपणा लपवण्याच्या सवयी. चॅनेलवाल्याचं नेहमीचं पालुपद होतं, "ताई, पुस्तकी नको. रोजच्या जगण्यातलं द्या." ती बसली लिहायला. मुलीचा तिनं कारकून केला, कॉलेजचं ऑफिस केलं, त्या कारकुनाला मिशीसुद्धा दिली. फक्त हिरवं रबर लावलेला बंद फोन तेवढा राहू दिला. तो काढला की गोष्टीतला जीवच जात होता. कोण ओळखणार आहे रबरावरून, असं तिनं स्वतःला समजावलं. माणसं स्वतःला कशी समजावतात, यावर तिचा एक व्हिडिओही होता.

व्हिडिओ तुफान चालला. त्यातला आवाज कुणाच्या आईचा, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक होतं; पहिल्या दिवशी ओळख करून देताना मुलीनंच ते सांगितलं होतं. आठवडाभरात मुलीच्या बाकावर कुणीतरी हिरव्या रबरांचं पुडकं आणून ठेवलं. मागच्या बाकावरून एकानं बंद फोन कानाला लावून अगदी आईच्या सुरात म्हटलं, "तुम्हालाही असं होतं का?"

घरी येऊन मुलीनं आईकडे पाहिलंही नाही. कडीवरचा लाल टॉवेल काढला, आपल्या खोलीच्या दाराला लटकवला आणि आतून दार लावून घेतलं. कॉलेज बंद. बोलणं बंद. ताट बाहेर ठेवलं की कधी रिकामं व्हायचं, कधी तसंच.

आईनं चॅनेलवाल्याला फोन केला. "तो व्हिडिओ काढा."

"ताई, चालता बैल कुणी गोठ्यात बांधतं का? मी तर दुसऱ्या भागाचं बोलणार होतो."

"मग दुसरा आवाज शोधा."

तो हसला, मग चिडला, मग "बघतो" म्हणाला. शेवटी धुसफुसत का होईना, व्हिडिओ काढला. ती धावत मुलीच्या दाराशी गेली.

"काढला गं तो व्हिडिओ."

आतून खूप दिवसांनी आवाज आला. "सगळ्यांच्या फोनमध्ये आहे तो आता."

ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. "हे बघ बाळा, तुला राग येणं अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी आपण..."

"त्या आवाजात बोलू नकोस!"

दुसरा कुठला आवाज आपल्याकडे आहे, हे तिला आठवेना. पलीकडच्या खोलीत सासूबाई खोकल्या, बहुधा उशीत.

"यावर पण करशील व्हिडिओ," मुलगी आतून म्हणाली.

"नाही करणार."

"कशावरून?"

कशावरून. तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते धड वाक्यही नव्हतं. "मला नाही माहीत. तू सांगू नकोस मला काही. नकोच सांगू. मी चुकले गं. चांगली गोष्ट मिळाली म्हणून मी तुला... तू जेव फक्त. वरण गार होतंय. माझे पाय दुखताहेत, मला उठवतही नाहीये."

मग कडी वाजली. दार फटीएवढं उघडलं. मुलीचे डोळे सुजलेले होते, केस तेलकट. तिनं आईकडे नीट पाहिलं नाहीच. बाहेरच्या कडीवरचा टॉवेल ओढला आणि आईच्या मांडीवर टाकला.

"हा धुवायला टाक. किती दिवस लटकतोय, वास येतोय त्याला."

"टाकते."

"आणि वरण गरम कर."

ती भिंतीचा आधार घेत उठली. टॉवेल बादलीत भिजत घातला आणि गॅस पेटवायला गेली. मागे वळून पाहिलं तर दार अजून फटीएवढं उघडंच होतं.