वासूदादांचा अर्धा राहिलेला दगड

वासूदादा कुठल्याही दगडाला हात घालण्याआधी बोटाच्या पेराने ठोकून कान लावायचे. कुवेतमध्ये रुमैथियातल्या आमच्या घरी ओटा बसवायला आले, तेव्हा मी त्यांच्या हातात पाच कामांची यादी दिली. ती खिशात घालून त्यांनी नवी फरशी ठोकली. "वयनी, ही बदलून घेवा. पोटात चीर आसा." दुकानदार कुरकुरला, पण चीर निघालीच.

ते कोकणातले पाथरवट. नोकरी राई नावाच्या भागातल्या मार्बलच्या कारखान्यात, बिऱ्हाड दूर अबू हलीफात पाच जणांच्या खोलीत. आमच्याकडे चहाला आले की विषय एकच, दगड. त्या वर्षी आम्ही नवराबायको ईस्टर बेटावरचे प्राचीन दगडी पुतळे बघायला जाणार होतो. मी फोटो दाखवले. उभ्या पुतळ्यांवरून त्यांची नजर पुढे सरकली.

"अर्धे रवलेले नाय?"

"खाणीत पुष्कळ पडलेत म्हणे."

चहा तसाच निवला. आठवड्याने म्हणाले, "माका न्हेशात?"

दोन वर्षांनी मिळणारी सुट्टी, आणि हे घरी जाणार नाहीत? मी रागावलेच. तेव्हा त्यांनी सांगितलं. गावदेवीची मूर्ती घडवताना दगडात कठीण गाठ लागली आणि देवीच्या नाकाचा टवका उडाला. काम तसंच टाकून ते कुवेतला आले. तेव्हापासून वडील, तेही पाथरवट, त्यांच्याशी बोलत नव्हते. "सुट्टीत घराक जातंय, पण मूर्ती आसा त्या खोपीत पाय घालूक होत नाय. मी पळालेलो पाथरवट, वयनी."

मी लगेच यादी केली: व्हिसा, रजेचा कागद, औषधं, गरम कपडे. 'टाकी-हातोडी आणू नये' हे लिहायचं राहिलं. विमानतळावर हातातल्या पिशवीतून दोन टाक्या निघाल्या. "हत्याराशिवाय खाणीत कसा जावचा?" ते मलाच विचारत होते. पोचवायला आलेल्या मित्राकडे त्या परत धाडल्या.

बेटावर समुद्राकडचे पुतळे त्यांनी भरभर पाहिले. डोंगरातल्या खाणीत मात्र थबकले. एक प्रचंड पुतळा आडवाच होता, पाठ अजून डोंगराला चिकटलेली. हनुवटीपाशी काळी गाठ. हात लावायला मनाई होती, म्हणून वासूदादांनी हात पाठीमागे बांधून घेतले.

"गाठ लागली, सोडल्यांनी. आणि ह्यो बगा, बाजूक दुसरो घेतल्यांनी." ते पुन्हा आडव्या पुतळ्याकडे वळले. "ह्यांका कोण पळपुटे म्हणूक नाय."

संध्याकाळी हॉटेलातून त्यांनी स्पीकरवर घरी फोन लावला. गावी नुकतं उजाडत होतं. बायकोला म्हणाले, "बाबांच्या कानाक लाव." मग एका दमात, "बाबा, देवीक नवो दगड व्हयो. मी घडवतंय."

पलीकडे नुसता कोंबडा आरवत राहिला. मला वाटलं, म्हाताऱ्यांनी फोन खाली ठेवला. तेवढ्यात खाकरण्याचा आवाज आला.

"किती हाताचो?"

वासूदादा हवेतच हात धरून मोजू लागले. माप मला ठाऊक असतं तर मीच सांगितलं असतं.

"अडीच," ते शेवटी म्हणाले.

कुवेतला परतल्यावर त्यांनी कारखान्याच्या नव्या करारावर सही केली नाही.