टूसॉनचं वाळवण

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये सासूबाईंना न्यायला मी टूसॉनला गेले, तेव्हा त्यांच्या अंगणात कुरडया वाळत होत्या. ऑगस्टमध्ये! मी नागपूरची. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये वाळवण उरकून डबे माळ्यावर जातात. ॲरिझोनाच्या वाळवंटातही मे-जून कोरडे ठणठणीत असतात. पाऊस येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये, दुपारचा, विजांसकट. म्हणजे ही बाई दोन महिन्यांचं कडक ऊन वाया घालवून ऐन पावसात कुरडया घालत होती. मला वाटलं, वय झालं, महिने कळेनासे झाले.

सासूबाईंचं नाव शोभना. एकोणीसशे शहात्तरला लग्न करून त्या या गावात आल्या. सासरे, गुरुनाथ, इथल्या तांब्याच्या खाणीत इंजिनियर होते. आदल्या नोव्हेंबरात ते वारले आणि माझ्या नवऱ्याने, शैलेंद्रने, एकच पालुपद लावलं: आईने घर विकावं आणि आमच्याकडे शॉमबर्गला यावं. त्या नाही म्हणाल्या नाहीत. फक्त ‘वाळवण झालं की येते’ म्हणाल्या. एप्रिलमध्ये म्हणाल्या, जूनमध्ये म्हणाल्या, आणि जुलैत सरळ तिकीट कॅन्सल केलं. शेवटी शैलेंद्रने बेसमेंटमध्ये ठेवायला विजेवर चालणारा सहा थरांचा ड्रायर आणला.

“टेल हर, नाऊ वुई हॅव अ ड्रायर,” तो मला म्हणाला. त्याचा जन्म टूसॉनचा. कुठलाही प्रश्न सोडवायचा म्हटलं की तो आधी दुकानात जातो.

मी मंगळवारी पोचले. गुरुवारी सकाळी आम्हा दोघींचं विमान होतं, आणि या खेपेला त्यांना घेतल्याशिवाय परत यायचं नाही असा माझा निश्चय होता. ड्रायरचं ऐकून त्या “बरं झालं” म्हणाल्या आणि गव्हाचा चीक ढवळायला लागल्या.

बुधवारी सकाळी आभाळ निळंशार होतं. पहाटेच घातलेल्या कुरडयांच्या तीन चादरी अंगणात पसरल्या होत्या. मी बॅगा भरायला घेतल्या. अकराच्या सुमाराला उत्तरेकडच्या डोंगरावर मूठभर ढग दिसला आणि सासूबाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. बॅगेत दोन साड्या ठेवल्या की बाहेर. फोडणी टाकली की बाहेर. मोहरी करपली, मी गॅस बंद केला, तरी त्या डोळ्यांवर हात धरून कुंपणाच्या भिंतीशी उभ्याच. बारापर्यंत तो ढग डोंगराएवढा झाला. एकपर्यंत डोंगरापेक्षा उंच. खालून काळा आणि वरून फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा.

“आई, कुरडया आत घेऊ?”

“थांब.”

“अहो, भिजतील ना!”

“थांब म्हटलं ना.”

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या मेहनतीच्या कुरडया, तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक शिजवायचा, सोऱ्याने हात दुखेपर्यंत घालायच्या, आणि ‘थांब’ काय? मी जेवलेसुद्धा उभ्याने. आतबाहेर, आतबाहेर. त्यांची अस्वस्थता मला लागली होती.

दोन वाजता वारा फिरला. धूळ उठली, आणि त्या धुळीतून ओल्या झुडपांचा औषधासारखा वास आला. दूरवर पाऊस सुटलेला दिसत होता, पण तो जमिनीपर्यंत पोचत नव्हता, अधेमधेच विरत होता. डोंगरावर वीज पडली. मग दुसरी. मी धावले.

“आई, धरा ते टोक!”

त्या हलल्या नाहीत. “राहू दे गं. इकडे ये. बघ तरी!”

“आधी हे आत जाऊ द्या!”

मी जीव खाऊन चादरी ओढल्या. एक, दोन. तिसरी घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि मागे विजेने अख्खं अंगण पांढरंफटक झालं. भांडी थडथडली. बाहेर सासूबाई काहीतरी ओरडल्या. मी चादर टेबलावर नीट ठेवून दारात येईपर्यंत पावसाने सगळं झाकलं होतं. डोंगर नाही, ढग नाही, नुसतं पाणी.

त्या आत आल्या. पातळ अंगाला चिकटलेलं, चष्मा हातात.

“वाचल्या?”

“सगळ्या!” मी म्हटलं. मला फार अभिमान वाटत होता. “एक मोडली नाही.”

“मीपण ह्यांना असंच सांगायचे,” त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा.

“हे तिथेच उभे राहायचे, भिंतीशी. ‘शोभना, अगं ये, बघ तरी’ म्हणून ओरडायचे. मी ह्यांच्यावर डाफरायचे, की बायको मरमर मरतेय आणि तुम्ही ढग बघा. दोरीवरचे कपडे, मिरच्या, शैलेंद्रची सायकल, काही ना काही आत घ्यायचं असायचंच. तीस पावसाळे, कांचन. मी एकदाही गेले नाही गं.”

मी विचारलं, “मग आता या कुरडया कशाला?”

“ढग बघायला राहते म्हटलं असतं, तर शैलेंद्रने डॉक्टरकडे नेलं असतं. कुरडया करणाऱ्या बाईला कुणी वेडं म्हणत नाही.”

“मघाशी काय दिसलं? ओरडलात तेव्हा?”

त्यांनी दोन्ही हात वर करून काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. “तू आत होतीस,” म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. माझ्या हातून गेलं ते गेलंच होतं, आणि मी सासूबाईंना अशा घरी न्यायला निघाले होते की जिथे बेसमेंटमध्ये पावसाचा आवाजही येत नाही.

मी शैलेंद्रला फोन करून सगळं सांगितलं, आई उद्या येत नाहीत हेही. तो म्हणाला, “बट द हाऊस... ओके. बाबा यूज्ड टू कॉल मी टू. मी टीव्ही बघायचो.” एवढं मराठी तो चिडल्यावर किंवा रडू आल्यावरच बोलतो.

मग विमान कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने सासूबाईंच्या तिकिटाची नवी तारीख विचारली. फोनवर हात ठेवून मी सासूबाईंना विचारलं, “आई, कधीचं सांगू?”

त्या पुन्हा दाराशी गेल्या होत्या. पाऊस उघडत होता आणि पश्चिमेकडे दुसरा ढग उभा राहत होता.

“मला तीस वर्षांचं बघायचं राहिलंय,” त्या म्हणाल्या. “मी काय तारीख सांगू?”

मी त्यांचं तिकीट रद्द केलं आणि माझं रविवारवर ढकललं.